ग्वाल्हेरची थंडी यायच्या आत घर कसं तयार करायचं

दर वर्षी तेच. दिवाळीत पंखा चालू असतो म्हणून कोणी काही करत नाही, आणि मग डिसेंबरात वर पहाडात बर्फ पडून उत्तरेचं वारं सुटलं की आपल्या लश्कर भागातल्या निम्म्या घरांत एकाच दिवशी माळ्यावरून रजया उतरतात, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या, आणि इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. म्हणून हे सगळं नोव्हेंबरातच उरकायचं. मुंबईचे नातेवाईक आपल्या तयारीला हसतात, पण कडाक्यात इथे पारा 3-4 वर येतो आणि धुकं धरलं की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही हे त्यांना कुठे माहीत.

आधी खोली ठरवा. आपली जुनी घरं बांधली आहेत उन्हाळ्यासाठी, 45-46 च्या. जाड दगडी भिंती, उंच छत, वर पाटिया म्हणजे दगडी फरशा, प्रत्येक खोलीला रोशनदान म्हणजे छताजवळचा झरोका, मधे उघडा चौक. मे महिन्यात याच गोष्टी जीव वाचवतात आणि जानेवारीत याच छळतात, कारण ऊबदार हवा वर जाते आणि रोशनदानातून निघून जाते, आणि एवढा जाड दगड एकदा गार पडला की तासाभराच्या हीटरने त्याला काही होत नाही. तेव्हा पूर्ण घर गरम करायच्या भानगडीत पडूच नका. एक लहान खोली निवडायची, दक्षिणेला खिडकी असलेली आणि जमलं तर जिच्या वर अजून एक मजला आहे अशी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मुक्काम दोन महिने तिथे हलवायचा. कुरकुर होईल, होऊ द्या.

दक्षिणेची का, तर डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य फक्त 40 अंशांवर असतो, त्यामुळे ऊन खिडकीतून तिरपं पार पलंगापर्यंत येतं, उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो तेव्हा असं होत नाही. सकाळी दहाला पडदे पूर्ण सरकवायचे, आणि चार-साडेचारला, म्हणजे गारवा जाणवायच्या आधीच, खिडकी आणि जाड पडदा दोन्ही बंद. फुकटचा हीटर आहे हा.

मग फटी. खिडकीच्या चौकटीपाशी उदबत्ती धरा, धूर जिथे आडवा पळेल तिथून वारं येतंय. लाकडी दारं-खिडक्या आपल्याकडे उन्हाळ्यात आक्रसून अशा फटी पडतात की पलीकडचा रस्ता दिसतो. हार्डवेअरच्या दुकानात चिकटणारी फोमची टेप मिळते, चौकट कोरडी पुसून लावायची, नाहीतर दोन दिवसांत सुटते. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी पुरते. रोशनदानाला जाड पारदर्शक प्लास्टिक लावलं तर उजेडही राहतो, पण सगळी रोशनदानं बंद करायची नाहीत, आणि स्वयंपाकघर आणि बाथरूमची तर मुळीच नाहीत. का ते पुढे सांगतो.

रजया दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी. कापूस दबून गाठी झाल्या असतील तर पिंजून घ्या, कारण ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते, आणि दबलेल्या रजईत हवाच उरत नाही. याच कारणाने एका बोजड रजईपेक्षा दोन हलक्या बऱ्या. आणि एक गोष्ट लोक विसरतात, थंडी खालूनही येते. गादीखाली सतरंजी आणि वर जुनी ब्लँकेट टाका, मग चादर, फरक पहिल्याच रात्री कळतो.

आता लाइट. हे काम मात्र स्वतः करू नका, येणाऱ्याला नीट सांगा. हीटर किंवा गिझर 2000 वॅटचा असला तर साधारण 9 अँपियर करंट ओढतो आणि आपल्या पंखा-मोबाइलवाल्या बोर्डातला छोटा सॉकेट असतो 6 अँपियरचा. म्हणजे हीटरला मोठा 16 अँपियरचा पॉवर प्लग आणि त्याची वेगळी जाड वायर हवीच, एक्स्टेंशन बोर्ड बिलकुल नाही. जुन्या वाड्यातली वायरिंग वडिलोपार्जित असते, त्यात उंदरांनी हात धुवून घेतलेले असतात, ते एकदा उघडून बघायला लावा. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा, करंट लीक झाला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. एमसीबी वेगळा, तो वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही, लोक दोन्ही एकच समजतात.

रॉडने पाणी तापवत असाल (आम्हीही तापवतो) तर आयएसआय मार्कचा घ्या, बादली प्लास्टिकची, रॉड खुणेपर्यंत पाण्यात गेल्यावरच बटण चालू. पाणी तापलं का बघायला बोट घालायच्या आधी बटण बंद करून प्लग बाहेर. नुसतं बंद नाही, बाहेर. 1500 वॅटच्या रॉडने 20 लिटरची बादली अर्ध्या-पाऊण तासात होते, तेवढा वेळ लहान मुलांना तिथे फिरकू द्यायचं नाही.

गिझर आधी सर्व्हिस करून घ्या. बोअरचं खारं पाणी असेल तर आत क्षारांचा थर बसतो, पाणी उशिरा तापतं आणि बिल वाढतं. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो झिजला असेल तर बदलायचा. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत, ते करू नका, वाढलेलं प्रेशर सोडायचं तेच तर तोंड आहे.

हीटर ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेऊ म्हणून थांबू नका. मेळा 1905 पासून भरतोय, जायचं तर जा, पण तो रंगात येईपर्यंत अर्धी थंडी सरते. लाल तारेचा हीटर स्वस्त पण समोरच्यालाच शेकतो आणि पडद्याजवळ धोक्याचा, ब्लोअर खोली लवकर तापवतो पण आवाज करतो, तेल भरलेला महाग आणि हळू, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला तोच बरा. कुठलाही असो, पलंग-पडद्यापासून तीन फूट लांब आणि झोपताना बंद.

आता सिगडी. आम्ही लहान असताना आजीच्या खोलीत पेटते कोळसे ठेवायची पद्धत होती. एका रात्री मी आणि आत्या तिथे दार लावून झोपलो, फटींतही कपडे कोंबलेले, आणि सकाळी आई चहाला उठवायला आली तर आत्या उठेचना, माझं डोकं फुटेल असं दुखत होतं आणि उलट्या. आईने सगळं उघडून आम्हाला ओढत चौकात आणलं म्हणून वाचलो. घरात सगळे म्हणाले थंडी बाधली! कितीतरी वर्षांनी मला कळलं की ती कार्बन मोनॉक्साइड होती. तिला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ती ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटते, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. धूर न होणारे लाल निखारे सुरक्षित वाटतात, पण वायू त्यातूनच निघतो. सगळी रोशनदानं बंद करू नका म्हणालो ते याच वायूमुळे. म्हणून कोळसा, लाकूड, गॅसची शेगडी, काहीही पेटवून बंद खोलीत झोपायचं नाही, एक खिडकी किलकिली ठेवली म्हणूनही नाही. शेकायचंय ना, मग चौकात बसा, मुंगफल्या भाजा, गजक खा, आणि आत जाताना सिगडी बाहेरच राहू द्या.

गॅस गिझरचं तेच. तो बाथरूमच्या आत नकोच, बाहेर मोकळ्या गॅलरीत लावून गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. आंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं, तर साबण तसाच ठेवून बाहेर या. कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 लावा.

राहता राहिले म्हातारे आणि तान्ही बाळं. बाळाच्या तोंडावर रजई येऊ द्यायची नाही. गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी नाही, आणि ती टॉवेलात गुंडाळूनच, विशेषतः शुगर असलेल्यांना, कारण पायाला चटका बसतो आणि त्यांना कळतही नाही. थंडीत रक्तवाहिन्या आक्रसतात आणि बीपी वाढतं, म्हणून बीपी-हार्टवाल्यांनी पहाटे धुक्यात फिरायला जाऊ नये, ऊन पडू द्यावं. आमचे बाबा ऐकत नाहीत, पाच वाजता फूलबागेत जायला तयार, म्हणून डिसेंबर लागला की त्यांचे बूट रात्री मी माझ्या खोलीत ठेवतो आणि आठनंतर परत नेऊन ठेवतो.