सरकारचं कर्ज आणि नोटा: घरच्या वहीत हिशोब कसा मांडाल

"ताई, नोटा छापायचा कारखाना सरकारकडेच आहे, मग सरकार कर्ज कशाला काढतं?" बचत गटाच्या बैठकीत दर फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या आठवड्यात, कोणीतरी मला हे विचारतंच. प्रश्न अगदी रास्त आहे. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर, आणि माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. तरीही या प्रश्नाचं उत्तर मला ऐकून कळलं नव्हतं, वहीत मांडल्यावर कळलं. म्हणून मी गटातल्या बायकांना मांडूनच दाखवते. तुम्हीही एक वही, पेन्सिल, दहाची नोट आणि देवघरात किंवा आहेराच्या पाकिटात असली तर एक रुपयाची नोट घेऊन बसा.

आधी दोन्ही नोटा शेजारी ठेवा. दहाच्या नोटेवर वर रिझर्व्ह बँकेचं नाव आहे, धारकाला दहा रुपये अदा करण्याचं वचन आहे आणि खाली गव्हर्नरची सही. उलटी करा, भाषांच्या पट्टीत वरून आठवी ओळ आपली: दहा रुपये. आता एक रुपयाची नोट बघा. वर 'भारत सरकार', सही वित्त सचिवांची, आणि वचन कुठेच नाही. म्हणजे सरकार स्वतःच्या नावाने चलनात आणतं ते एवढंच, एक रुपयाची नोट आणि नाणी. बाकी प्रत्येक नोट हे रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. वडील म्हणायचे, "आमच्याकडून निघतो तो छापील कागद. रिझर्व्ह बँकेने वहीत उतरवला की त्याचा पैसा होतो." नाशिकरोडची प्रेस केंद्राच्याच कंपनीची आहे, पण नोटा काढण्याचा हक्क १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला दिला आहे. जेवढ्या नोटा तेवढं सोनं, हा समजही इथेच खोडून टाका. १९५७ पासून कायद्याला किमान २०० कोटींचा साठा पुरतो, त्यात सोनं ११५ कोटींचं. उरलेल्या नोटांच्या पाठीशी असतात परदेशी रोखे आणि आपल्या सरकारचे रोखे. रोखा म्हणजे कर्ज घेणाऱ्याने लिहून दिलेला, व्याजासह परतफेडीचा कागद.

आता वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे लिहा 'येणं', उजवीकडे 'देणं'. हे पान बँकेचं.

समजा, एका बाईला दोन म्हशींसाठी तीन लाखांचं कर्ज मंजूर झालं. बँक काय करते? कर्ज खात्याला तीन लाख नावे टाकते आणि तिच्या बचत खात्याला तीन लाख जमा करते. डावीकडे येणं तीन लाख, उजवीकडे देणं तीन लाख. अशा शेकडो नोंदी मी स्वतः केल्या. त्या क्षणी तिजोरीतली एकही नोट जागची हलत नाही आणि दुसऱ्या कुणा ठेवीदाराच्या खात्यातला रुपयाही कमी होत नाही. तरी त्या बाईकडे सकाळी नसलेले तीन लाख दुपारी असतात, आणि म्हैस विकणारा ते बिनतक्रार घेतो. देशातला बराचसा पैसा असा खात्यात जन्मतो. हप्ते फिटत जातात तसा तो पुसलाही जातो. इथे थोडं थांबा, दोन-तीन कर्जं लिहून पाहा. हे पान नीट कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

बँक वाटेल तेवढं लिहू शकत नाही. भांडवल लागतं, ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो, शिवाय म्हैसवाला दुसऱ्या बँकेत खातं ठेवून असेल तर ते तीन लाख तिकडे खरोखर वळते करावे लागतात.

दुसरं पान रिझर्व्ह बँकेचं. तिने एखाद्या बँकेकडून १०० कोटींचे सरकारी रोखे घेतले, तर येण्यात रोखे १०० कोटी, देण्यात त्या बँकेच्या खात्यावर जमा १०० कोटी. डॉलर घेतले तरी मांडणी हीच. २०२१ मध्ये एप्रिल ते जून या तीन महिन्यांत रिझर्व्ह बँकेने एक लाख कोटींचे रोखे असेच बाजारातून घ्यायचं ठरवून घेतले. लोक ज्याला 'नोटा छापणं' म्हणतात ते हे. यात छपाई कुठेच नाही.

मग सरकारने थेट रिझर्व्ह बँकेकडूनच का घेऊ नये? पूर्वी घ्यायचंच. १९५५ पासून अशी रीत होती की शुक्रवारी सरकारच्या खात्यावर किमान ५० कोटी शिल्लक हवी. कमी पडली की सरकार ९१ दिवसांची हुंडी लिहून द्यायचं आणि खातं आपोआप भरायचं. १९७४ नंतर त्यावर व्याज होतं ४.६ टक्के, वर्षानुवर्षं तेच. तात्पुरती म्हणून काढलेली ही सोय कायमची होऊन बसली. सप्टेंबर १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि रंगराजन गव्हर्नर असताना करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून ही हुंडी बंद झाली. मला हा आपल्या आर्थिक इतिहासातला फार मोठा निर्णय वाटतो, आणि त्याबद्दल शाळेत कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. आता सरकारला मिळते ती 'वेज अँड मीन्स' नावाची उचल. तिला मर्यादा आहे, रेपो दराने, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराने, व्याज आहे, आणि मर्यादेपलीकडे सलग दहा कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता येत नाही. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने पुढचं दारही लावलं. एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक सरकारचे नवे रोखे सरकारकडून थेट घेत नाही, अपवादाची कारणं कायद्यात लिहिलेली आहेत.

तिसरं पान सरकारचं. अर्थसंकल्पाच्या दिवशीची छोटी पुस्तिका उघडा, हिंदी-इंग्रजी दोन्हीत असते. २०२५-२६ च्या अंदाजातले हे आकडे उतरवा. खर्च ५०.६५ लाख कोटी. कर्ज सोडून जमा ३४.९६ लाख कोटी. वजाबाकी करा: १५.६९ लाख कोटी. हीच राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाचं नवं कर्ज. तिला ३५७ लाख कोटींच्या जीडीपीने, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाने भागा, ४.४ टक्के येतात. बातमीत एवढंच सांगतात. तुम्ही पुढे जा. त्या तुटीत महसुली तूट, म्हणजे कर वगैरेंच्या जमेपेक्षा रोजचा खर्च जितका जास्त तेवढी रक्कम, किती ते शोधा: ५.२४ लाख कोटी, म्हणजे नव्या कर्जाचा तिसरा हिस्सा रोजच्या खर्चात गेला. कर्ज काढून गोठा बांधला की किराणा भरला, हा प्रश्न आमच्या गटात आम्ही प्रत्येकीला विचारतो, सरकारलाही विचारायला हवा. मग व्याज: १२.७६ लाख कोटी. महसुली जमा ३४.२० लाख कोटी. दर शंभर रुपये जमेतले सदतीस व्याजाला. मी स्वतः याच आकड्याखाली दोनदा रेघ ओढते.

मर्यादेचं काय? राज्यघटनेचं २९२ वं कलम संसदेला केंद्राच्या कर्जावर कायद्याने मर्यादा घालायची मुभा देतं. वित्तीय जबाबदारी कायद्यात मार्च २०२१ पर्यंत तूट ३ टक्क्यांवर आणायचं होतं. कोरोनाच्या त्या वर्षी ती ९.२ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी खर्च करायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रेघ संसदेनेच ओढलेली असते आणि तिथेच ती सरकवली जाते, म्हणून दर वर्षी जुना आकडा नव्या शेजारी लिहून ठेवा.

राज्यांची गाठ जास्त घट्ट आहे. २९३ व्या कलमाप्रमाणे राज्याला फक्त देशातच कर्ज काढता येतं, आणि केंद्राचं देणं बाकी असेल तर आधी केंद्राची संमती लागते. शिवाय राज्याकडे रिझर्व्ह बँक नाही, नाणं पाडायचाही हक्क नाही. महाराष्ट्राचं २०२५-२६ अखेरचं कर्ज ९.३२ लाख कोटींच्या घरात धरलं होतं आणि वर्षाची तूट सुमारे १.३६ लाख कोटी, राज्याच्या जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत. टीव्हीवर कोणी केंद्राचं आणि राज्याचं कर्ज एकाच तागडीत टाकलं तर ही ओळ काढून दाखवा.

शेवटचं काम आठवड्याचं आहे. केंद्राच्या रोख्यांचा लिलाव सहसा शुक्रवारी होतो, राज्यांचा मंगळवारी, निकाल रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर लागतो. दहा वर्षांच्या रोख्यावरच्या परताव्याचा दर तारखेसह टिपा. हे रोखे घेणारे कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. बँकांना ठेवींच्या किमान १८ टक्के रक्कम रोख, सोनं किंवा मुख्यतः अशा रोख्यांत ठेवावीच लागते. आमच्या गटाच्या पासबुकात ८४ हजार शिल्लक आहे. त्याचे १८ टक्के आम्ही वहीत काढले, १५ हजार १२० आले, आणि सरकारच्या पानावर 'देणं'च्या रकान्यात आमच्या गटाचं नाव लिहिलं.