जर्मन विशेषणांचे शेवट: तक्ते घोकायच्या आधी हे वाचा

नाशिकला कॉलेज रोडच्या क्लासला जर्मन शिकणारी मुलं ए2 ला (दुसऱ्या पातळीला) आली की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, विशेषणाला शेवटी ए लावू, एन लावू की एर, आणि मग तीन मोठे तक्ते घेऊन घोकत बसतात. तक्ते नंतर बघा हो. मराठीत 'मोठा वाडा' पण 'मोठ्या वाड्यात', नामाला विभक्ती लागली की विशेषण बदलतं हे आपल्याला लहानपणापासून येतंय, त्यामुळे यात घाबरायचं काहीच नाही.

मेन गोष्ट एवढीच की लिंग आणि विभक्ती कुणीतरी एकाने दाखवायची, आर्टिकलने (नामाआधी येणारा छोटा शब्द: पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी दास, किंवा 'एक' अर्थाचा आइन) नाहीतर विशेषणाने. नाशिककर आहोत तर वाईनच घेऊ, फक्त आपली 'ती वाईन' जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे, डेर वाइन, इथेच घोळ होतो म्हणून लिंग आर्टिकलसकटच पाठ करा. (शेवट नीट दिसावेत म्हणून मी स्पेलिंगप्रमाणे लिहितेय, बोलताना 'रोटेर'चं 'रोटर' होतं.)

डेर रोटे वाइन (ती लाल वाईन): डेरने सांगून टाकलं, विशेषणाला नुसता ए.
आइन रोटेर वाइन: आइन काहीच दाखवत नाही, म्हणून डेरमधला एर विशेषणाने उचलला.

नपुंसकलिंगी घर पण असंच, दास ग्रोसे हाउस (ते मोठं घर) पण आइन ग्रोसेस हाउस. आर्टिकलच नसेल तरी विशेषणच काम करणार, 'इश ट्रिंके रोटेन वाइन' (मी लाल वाईन पिते) कारण कर्म झाल्यावर डेरचा डेन होतो, आणि 'मिट रोटेम वाइन' कारण मिट म्हणजे 'सोबत' आणि त्यानंतर कायम डाटिव्ह ही विभक्ती, म्हणजे डेरचा डेम.

आता आर्टिकल बदललेलं दिसलं, डेन, डेम, डेस, आइनेन, की बिनधास्त एन लावा: मिट डेम रोटेन वाइन. आर्टिकल असलेल्या अनेकवचनाला पण एनच, डी ग्र्यूनेन ट्राउबेन, हिरवी द्राक्षं. सगळ्यात जास्त फसवतं ते स्त्रीलिंगी डाटिव्ह, कारण तिथे डीचा डेर होतो आणि मुलं तो पुल्लिंगी समजून ए लावतात. कांदा जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून मिट डेर रोटेन त्स्वीबेल.

एक अपवाद, आर्टिकल नसलेल्या गेनिटिव्हमध्ये (आपल्या 'चा-ची-चे'ची विभक्ती) पुल्लिंगी-नपुंसकलिंगीला एन लागतो कारण तिथे नामाला स्वतःलाच एस असतो. आणि 'डेर वाइन इस्ट रोट' असं क्रियापदासोबत आलं तर शेवटच नाही, आपण 'वाडा मोठा आहे' म्हणतो त्या सवयीने काही चिकटवू नका.

रोज बाजारातली एक वस्तू घ्या आणि डेर/डी/दास, आइन, आर्टिकलशिवाय आणि मिट लावून अशी चारदा मोठ्याने बोला.