बीपी नॉर्मल, तरीही शॉक : नव्या इंटर्नसाठी

इंटर्नशिपच्या चौथ्या महिन्यात, एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात, रात्री नऊच्या राउंडला मी एका मुलीच्या केसपेपरवर लिहिले होते : ‘ताप नाही. बीपी १०४/८६. प्लेटलेट उद्या सकाळी परत.’ यांतले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि तरीही ती मुलगी त्या क्षणी शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेत, होती. आता मी मेडिसिनमध्येच रेसिडेन्सी करते आहे, पण तो कागद आठवला की अजूनही पोटात गोळा येतो.

शॉकचे चार प्रकार तुम्हाला पाठ असतीलच, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. परीक्षेत तो तक्ता गुण मिळवून देतो. वॉर्डात मात्र रुग्ण तक्त्यातील रकान्यात येऊन झोपत नाही. माझी रुग्ण अठरा-एकोणीस वर्षांची, वजन ४८ किलो, डेंग्यूचा पाचवा दिवस. दुपारी ताप उतरला होता म्हणून आई समाधानात होती आणि मीही. प्लेटलेट ४६ हजार होत्या, आणि आमचे सगळ्यांचे लक्ष त्या एकाच आकड्यावर खिळलेले होते. साडेअकराच्या सुमारास रात्रपाळीच्या सिस्टरांनी मला हाक मारली आणि एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, हिच्या पायांना हात लावून बघा.” पाय गुडघ्यापर्यंत गार आणि ओलसर होते. नखावर दाब देऊन सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला चार सेकंद लागले. एरवी तो दोन सेकंदांच्या आत येतो. नाडी ११८ होती आणि बारीक लागत होती. लघवी कधी झाली, असे विचारल्यावर आई विचारात पडली आणि म्हणाली, “सकाळीच.”

मी ज्यात अडकले ती चूक इथे सविस्तर सांगते, कारण दरवर्षी नवी बॅच त्याच खड्ड्यात पडताना मी पाहते. आपण १०४ पाहतो आणि निश्चिंत होतो. ८६ कडे कोणी पाहतच नाही. डेंग्यूमध्ये केशवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पातळ द्रव, बाहेर झिरपतो आणि वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान घटते. मानेतील कॅरोटिड सायनस आणि महाधमनीची कमान येथील बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब जोखणारी टोके, हा बदल लगेच टिपतात, संकटकाळी धावून येणारी सिम्पथेटिक चेतासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढते, हृदय जोरात धावू लागते आणि त्वचा, आतडी व मूत्रपिंडे यांच्या वाहिन्या आवळल्या जाऊन उरलेले रक्त मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखले जाते. वाहिन्या आवळल्या की खालचा, म्हणजे डायस्टोलिक दाब वर चढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त मात्र कमी झालेले असते, त्यामुळे वरचा दाब वाढत नाही. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. १०४ मधून ८६ वजा केले तर १८ उरतात, आणि डेंग्यूमध्ये हा फरक २० किंवा त्याहून कमी झाला की ते शॉकचे लक्षण मानतात. ही वजाबाकी मी नऊ वाजता केली असती, तर अडीच तास वाचले असते.

म्हणजे गार पाय, वेगवान नाडी आणि थांबलेली लघवी ही शरीराने रक्तदाब सावरून धरण्यासाठी मोजलेली किंमत असते. रक्तस्रावातही असेच घडते : प्रौढ माणसाचे १५ टक्के, म्हणजे सुमारे ७५० मिलिलिटर रक्त गेले तरी बीपी जागचे हलत नाही, आणि वरचा आकडा ठळकपणे कोसळतो तो बहुधा ३० टक्क्यांच्या पुढे. तरुण रुग्ण तर शेवटपर्यंत दाब टिकवून धरतात, बोलतात, पाणी मागतात, आणि मग एकाएकी कोसळतात. याला अपवाद आहेत. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागण्याच्या, सुरुवातीला हातपाय गरम असू शकतात, आणि बीटा ब्लॉकर ही हृदयाचा वेग कमी करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांची नाडी वाढेलच असे नाही.

हे वाचून घाबरू नका. शॉक ओळखण्यासाठी लागणारी साधने तुमच्या हाताशीच आहेत : हाताचा पालथा पंजा, सेकंदकाटा, लघवीच्या पिशवीवरील खुणा आणि वजाबाकी. मूत्रपिंडांना रक्त पुरेसे मिळत असेल तर प्रौढात ताशी प्रतिकिलो निदान अर्धा मिलिलिटर लघवी होते. आमच्या मुलीसाठी हा आकडा २४ होता. आपोआप मोजणाऱ्या यंत्रावर मात्र अशा वेळी विसंबू नका, नाडी बारीक असली की ते चुकते. हाताने कफ बांधून मोजा.

आडवाटांविषयी माझे मत कडक आहे. ‘एक डेक्सा देऊन टाक’ (डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) असे कोणी फोनवरून सांगितले तर देऊ नका. डेंग्यू शॉकमध्ये स्टिरॉइडचा उपयोग सिद्ध झालेला नाही. रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लेटलेट चढवल्याने झिरपणारा प्लाझ्मा थांबत नाही. फोनवर फक्त ‘बीपी किती?’ एवढेच विचारणाऱ्या सीनियरपेक्षा पायांना हात लावायला सांगणाऱ्या सिस्टरांकडून मी अधिक शिकले, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

त्या रात्री रजिस्ट्रार खाली आल्या. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का, दाखल करताना ३९ होता, तो ४८ झाला होता. म्हणजे प्लाझ्मा गळून रक्त दाट झाले होते. प्रतिकिलो १० मिलिलिटर या हिशेबाने पहिल्या तासात ४८० मिलिलिटर नॉर्मल सलाईन दिले. मुलगी शॉकमध्ये आहे असे सांगताच आईने दचकून विचारले, “करंट कुठे लागला हिला?” या शब्दाने नातेवाइकांचा असा घोळ होतो, तेव्हा ‘अंगातलं रक्ताभिसरण कमी पडतंय’ असे सांगत जा. तासाभराने बीपी १०८/७८ झाले. पाय कोमट व्हायला दोन वाजले, आणि तीन वाजता पिशवीत ४० मिलिलिटर लघवी दिसली.

सलाईनचा वेग त्यानंतर टप्प्याटप्प्याने उतरवत नेला. प्लाझ्मा झिरपण्याचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो, आणि तो संपला की बाहेर गेलेले पाणी वाहिन्यांत परतू लागते. तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर ते पाणी फुप्फुसांत भरते. दुसऱ्या रात्री तिला भूक लागली, नाडी ८० वर आली आणि लघवी भरपूर होऊ लागली. तेव्हा सलाईन बंद करण्याची नोंद मी स्वतः केली, आणि तिच्याखाली दोन्ही आकड्यांतील फरकही लिहिला : ३८.