कॅलिफोर्नियाच्या सहलीची पूर्वतयारी

कॅलिफोर्नियाला जायचे ठरल्यावर सर्वांत आधी तारखा निश्चित कराव्यात, आणि त्या विमानाच्या स्वस्त तिकिटावरून नव्हे, तर जी ठिकाणे पाहायची आहेत त्यांच्या उंचीवरून. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेले डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर बेसिन आणि ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही अंतर नाही. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील धबधबे मे-जूनमध्ये भरात असतात आणि ऑगस्टपर्यंत योसेमिटी फॉल्स बहुधा आटतो; पण त्याच उद्यानातून सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडणारा टायोगा रस्ता बर्फामुळे साधारणपणे नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, कधी जूनपर्यंतही, बंद असतो. म्हणून मुलांच्या सुट्टीत मे महिन्यात जाणाऱ्यांनी हा रस्ता खुला असेल असे गृहीत धरून पुढचे मुक्काम आरक्षित करू नयेत. डेथ व्हॅली मात्र उन्हाळ्यात वगळावीच, असे माझे ठाम मत आहे. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते; वृद्ध आई-वडील सोबत असतील, तर ही दरी हिवाळ्यासाठी राखून ठेवावी.

सॅन फ्रान्सिस्कोत ऐन जुलैतही धुके आणि बोचरा वारा असतो, त्यामुळे स्वेटर व वारारोधक जाकीट हाताशी असावे. अमेरिकेबाहेरून येणाऱ्या पर्यटकांना योसेमिटी आणि सिक्वोया-किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांत २०२६ पासून जादा प्रवेशशुल्क द्यावे लागते, तेव्हा खर्चाचा अंदाज जुन्या माहितीवर बांधू नये. गाडी स्वतः चालवणार असाल, तर मूळ परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्यावा.

खाण्याच्या सामानाबाबत विशेष दक्षता हवी. ताजी फळे भारतातून नेऊ नयेत. लाडू-चिवडा नेला, तर योसेमिटीत तो रात्री गाडीत मुळीच ठेवू नये, कारण वासावर येणारी अस्वले गाडीची दारे वाकवून आत शिरतात. टूथपेस्ट आणि सुवासिक क्रीमसुद्धा तिथल्या लोखंडी पेट्यांतच बंद करून ठेवावी लागते. हा नियम पर्यटकांइतकाच अस्वलांच्याही जिवासाठी आहे, कारण माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल धोकादायक झाल्यास त्याला मारावे लागते.

बिग सर या डोंगराळ किनारपट्टीवरचा महामार्ग दरडींमुळे अधूनमधून बंद होतो आणि तिथे बऱ्याच टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. निघण्याच्या आदल्या रात्री कॅलट्रान्सच्या (कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाच्या) संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहावी, नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि उत्तरेकडून जाताना पेट्रोलची टाकी बिग सरच्या आधी लागणाऱ्या कार्मेल गावातच भरावी.