सुकामेवा खाताना या चुका टाळा, आणि आधी डब्याचा वास घ्या

बदाम चांगले की अक्रोड, काजूने कोलेस्टेरॉल वाढतं का, यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण ज्या डब्यातून ते खातायत तो डबा कधीपासून उघडा पडलाय हे कुणी बघत नाही. माझं मत विचाराल तर कुठला दाणा खाता याने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक किती खाता आणि तो ताजा आहे का याने पडतो, आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते.

"मूठभरच तर खाते, तरी वजन का वाढतंय?"

मी पण कित्येक वर्षं मूठभरच खात होते. एकदा सहज ती मूठ किचनमधल्या काट्यावर टाकली तर ५२ ग्रॅम! पोषणाचे तक्ते बघाल तर एक सर्व्हिंग २८ ग्रॅमची धरलेली असते, म्हणजे साधारण २३ बदाम, किंवा अक्रोडाचे १४ अर्धे तुकडे, किंवा ४९ पिस्ते. मी जवळजवळ दुप्पट हाणत होते आणि वर डाएट चालू आहे म्हणून सांगत होते. काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड सगळे १०० ग्रॅमला साधारण ५५० ते ६५० कॅलरीत येतात, मॅकाडेमिया तर ७०० च्या वर जातो. अपवाद चेस्टनटचा, त्यात फॅट जवळपास नाहीच, बराचसा स्टार्च. म्हणून एकदा तरी वजन करून बघाच, रोज नको, एकदा डोळ्याला अंदाज आला की झालं.

आता गंमत अशी की अख्ख्या बदामातल्या सगळ्या कॅलरी अंगाला लागत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा २८ ग्रॅम बदामातून १७० च्या आसपास नव्हे, तर १२९ कॅलरीच मिळतात असं दिसलं, कारण चावूनही कितीतरी पेशी फुटत नाहीत आणि त्यातलं तेल तसंच बाहेर जातं. पण ही सूट अख्ख्या दाण्याला, तोच बदाम वाटून बटर केलं की पेशी फुटतात आणि सूट संपली.

अजून एक घोळ आपल्या शब्दातच आहे. सुकामेवा म्हटलं की बदामाच्या शेजारी मनुके आणि खजूर पण बसतात, पण मनुक्यात फॅट नाममात्र आणि साखर १०० ग्रॅमला ६० च्या घरात, म्हणजे मिक्स पॅकेटमधले आधी मनुके वेचून खाणाऱ्यांनी (मी त्यातलीच) तो हिशोब वेगळा धरावा.

काजू आणि कोलेस्टेरॉलचं एका वाक्यात मिटवूया, वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे काजूतही नाही. काजूची खरी उणी बाजू म्हणजे फायबर, १०० ग्रॅमला तीनेक ग्रॅम, बदामात तेच बारा.

प्रोटीनसाठी खाताय?

मग जरा थांबा. बदामातून २० ग्रॅम प्रोटीन घ्यायचं तर ९५ ग्रॅम बदाम लागतात, सोबत साडेपाचशे कॅलरी येतात. सुकामेवा हे मुळात चांगल्या फॅटचं खाणं आहे, प्रोटीन वरचा बोनस. त्यातल्या त्यात शेंगदाणे पुढे, १०० ग्रॅमला २५-२६ ग्रॅम, पण ते नात्याने कडधान्यांचे भाऊबंद! बदाम घ्यायचे ते व्हिटॅमिन ई साठी, २८ ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेचं जवळपास निम्मं मिळतं, आणि अक्रोड घ्यायचे ते ओमेगा ३ साठी.

आणि नेमकं हेच ओमेगा ३ अक्रोडाचा घात करतं. हे तेल हवेशी पटकन रिअ‍ॅक्ट होतं म्हणून सगळ्यात आधी अक्रोड खवट होतो. पुष्कळ लोकांना वाटतं अक्रोड कडूच असतो, तर नाही, सालीचा किंचित तुरटपणा वेगळा आणि घशात रेंगाळणारा, जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास वेगळा. खवट झालेलं भाजून सुधारत नाही, भाजल्याने वास थोडा झाकला जातो इतकंच. तुकडे आणि पावडर अजून लवकर खराब होतात कारण हवा लागायला जागा जास्त, म्हणून अख्खे घ्या, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, सहाएक महिने टिकतात, फ्रीजरमध्ये वर्षभर. फक्त फ्रीजमधून काढल्या काढल्या डबा उघडू नका, आतल्या गार दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि मग बुरशीची सोय आपणच करतो.

बुरशीला मात्र हलकं घेऊ नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले, शोध घेतला तर खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीची निघाली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं, जे यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतं. भाजून ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा तोंडात आला तर थुंका, आणि बाकीचेही तसेच दिसत असतील तर अख्खं पॅकेट टाका, पैशाचं वाईट वाटून घेऊ नका.

ब्राझील नट "हेल्दी आहे" म्हणून मूठभर खाणाऱ्यांसाठी, अहो एक दाणा पुरे! एकातच सेलेनियम नावाचं खनिज बऱ्याचदा दिवसाच्या ५५ मायक्रोग्रॅमच्या गरजेहून जास्त असतं आणि मोठ्या माणसाची वरची मर्यादा ४०० आहे. महिनोन्‌महिने जास्त गेलं की केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो, आणि माणूस शॅम्पू बदलत बसतो.

खाल्ल्यावर ओठ सुजले, घसा खाजला तर "बघू परत होतं का" म्हणून पुन्हा खाऊन बघायचं नाही, सरळ डॉक्टर, आणि श्वास लागत असेल तर वाट न बघता इमर्जन्सी. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याला पिस्ताही बहुतेकदा चालत नाही, दोघं एकाच कुळातले. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. मुतखड्याचा त्रास असेल तर बदाम-काजूतल्या ऑक्झलेटबद्दल (ज्याचे खडे बनतात) डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि चिलगोजे (पाइन नट) खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी पाण्यासकट सगळंच कडू लागायला लागलं तर घाबरू नका. काही जातींच्या चिलगोज्यांनी असं होतं, दाणे खवट नसतात, खाताना चवही छान लागते, म्हणून संशयही येत नाही. औषध काही नाही, थोड्या दिवसांत, बहुतेकदा दोनेक आठवड्यांत आपोआप जातं, तोवर तो डबा बाजूला ठेवायचा.