झोपेची गोळी सोडायचीय? मग स्ट्रिप फेकू नका

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. स्ट्रिपवर यातलं एखादं नाव असंल आन् गोळी महिनाभर रोज चालू असंल तर हे नीट वाचा. आपल्याकडं लई घरात हेच चालू हाय, आजीला झोप येईना म्हणून डॉक्टरनी पंधरा दिवस दिलेली गोळी वर्ष झालं तरी मेडिकलवरून यायलीच. मग कुणीतरी सांगतं सवय लागली, बंद करा, आन् माणूस त्याच रात्री बंद करतो.

एकदम बंद करू नका! मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन असतंय, गोळी त्याचा जोर वाढवते, आन् रोज बाहेरून मदत मिळायली की मेंदू तिच्याच भरवशावर राहतो. ती एका दिवसात काढली की झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, काहींना तर फिट येते, जिवावरही बेतू शकतं. सांगितल्याप्रमाणं गोळी घेणाऱ्यालाही हे होतं, त्यात लाजायचं काही नाही.

आधी डॉक्टरला भेटा, नसंल तर सिव्हिलची किंवा संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याची मानसोपचार ओपीडी. गोळी किती वर्षं, किती मिलीग्रॅम, दारू घेता का, पूर्वी फिट आली होती का, सगळं खरं सांगा. साधारण 2 ते 4 आठवड्यांनी चालू डोसच्या 5 ते 10 टक्केच कमी करतात, म्हणजे कित्येक महिने लागतात, लागू द्या. लोक 0.5 ची गोळी ब्लेडनं अर्धी करतात अन् वाटतं हळूहळू चाललंय, पण तो डोस एका झटक्यात निम्मा झाला की, वर एक तुकडा मोठा एक बारका, चुरा कागदावरच. त्यापेक्षा कमी पॉवरची गोळी लिहून मागा. अल्प्राझोलमचा असर लवकर उतरतो म्हणून काही डॉक्टर डायझेपामवर आणतात, ते त्यांनाच ठरवू द्या. एसआर लिहिलेली, म्हणजे पोटात औषध हळूहळू सोडणारी गोळी तर तोडूच नका.

सोयाबीनच्या काढणीत किंवा घरात लग्न असताना कमी करायला सुरुवात करू नका. वारीला, ऊसतोडीला जाताना गोळ्या मोजून सोबत घ्या. त्रास वाढला तर आहे त्याच डोसवर थांबा आन् डॉक्टरला कळवा, झोपेसाठी दारू अजिबात नको. रात्री लईच घाबरायला झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट हाय, मराठीत बोलता येतं. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर लगेच 108, आन् सोबत स्ट्रिप घेऊन जा.