दिव्यांग पाहुणा कोल्हापुरात येणार असेल तर या चुका टाळा

कोल्हापुरात माणुसकीला तोटा नाही. व्हीलचेअर पायरीपाशी अडली की कुठनं तरी चार पोरं धावत येतात आणि "काका, उचलतो की आम्ही" म्हणून खुर्चीसकट वर नेतात. मन चांगलंच असतं, पण सगळ्यात मोठी चूक पण इथंच होते, कारण या उचलण्याच्या भरवशावर लॉजवाले, हॉटेलवाले, सहली काढणारे सगळे निवांत बसतात, रॅम्प कशाला, पोरं हायत की. चारचौघांत असं उचलून घ्यायला मोठ्या माणसाला किती अवघड वाटतं हे एकदा त्यालाच विचारून बघा.

तरी वेळ आलीच तर नीट उचला. आधी विचारा, ब्रेक लावा, आणि हात ठेवायच्या आणि पाय ठेवायच्या भागाला धरू नका, बऱ्याच खुर्च्यांचे ते भाग सुटे असतात आणि ऐनवेळी हातात येतात, खालची पक्की फ्रेमच धरायची. कुठं धरायचं ते खुर्चीवरच्या माणसालाच सगळ्यात जास्त माहीत असतं, त्याचं ऐका. बॅटरीवाली खुर्ची माणसासकट उचलायच्या भानगडीत पडूच नका.

रॅम्प केलाय पण घसरगुंडी झालीय, ही दुसरी चूक. हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे सात इंचाच्या एका पायरीला सात फूट रॅम्प लागतो आणि आपल्याकडं तीन फुटाची फळी टेकवून "झालं" म्हणतात. त्यावर परत गुळगुळीत चकचकीत फरशी, मग कोल्हापूरच्या पावसात काय होत असेल सांगायला नको. खरबरीत कोबा करा, बाजूला कठडा लावा. आणि चढ जास्त असेल तर उतरताना खुर्ची उलटी, पाठीच्या दिशेनं, हळूहळू खाली घ्यायची, तोंड पुढं करून नेली तर माणूस पुढं पडू शकतो.

फोनवर "रूम व्हीलचेअरला चालते का" विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालते की, या तुम्ही". कुणी टेप लावून बघितलेलं नसतं! माझा मावसभाऊ व्हीलचेअर वापरतो, त्याला एका लॉजवर रूम मस्त मिळाली, लिफ्ट पण होती, आणि बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटाचं निघालं. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते, ती जाणार कुठनं? सरकारी नियमावलीत दार ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट मोकळं हवं असं आहे, आणि खुर्ची वळवायला पाच फुटाची जागा. आता जुनी बिल्डिंग असेल तर लगेच तोडफोड होणार नाही हे कळतं, पण खरं माप तरी सांगा. दार उघडून मधली मोकळी जागा मोजा, उंबरा किती इंच, कमोड आहे का भारतीय, बाजूला धरायला दांडी आहे का, एवढे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. "आमच्याकडं दोन पायऱ्या आहेत" असं सरळ सांगणारा लॉजवाला मला "सगळं होतं" म्हणणाऱ्यापेक्षा शंभरपट बरा वाटतो.

अंबाबाईच्या दर्शनाला नेताना मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि किरणोत्सवाचे (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात ते) दिवस शक्यतो टाळा, गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होणारं पोरगं बरोबर असेल तर पहाटेच जा. अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. चप्पल काढायची म्हटलं की ज्याच्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, आहे त्यानं काय करायचं, त्याचा बूट बहुतेक वेळा कॅलिपरलाच जोडलेला असतो. कृत्रिम पायाचं पण तेच, तो बुटाच्या टाचेच्या उंचीला जुळवलेला असतो, बूट काढला की तोल मागं जातो. म्हणून देवळापुरती वेगळी स्वच्छ जोडी ठेवा आणि दारावर आधीच बोलून घ्या, तिथं रांगेत वाद घालायची वेळ आणू नका.

"पन्हाळा काय त्याला झेपणार नाही, तो गाडीत बसेल" हे परस्पर ठरवू नका राव. २०२५ ला हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, वर गाडी जाते, अंबरखाना, तीन दरवाजा इथं गाडी बरीच जवळ नेता येते. अंधारबावीच्या पायऱ्या उतरता येणार नाहीत, जमीन ओबडधोबड आहे, ते आधी सांगा आणि त्याला ठरवू द्या.

अंध पाहुण्याचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर त्याला धरू द्या आणि "पायरी आहे" एवढंच नको, वर जाणारी का खाली जाणारी ते सांगा. जेवताना तांबडा कुठल्या हाताला, पांढरा कुठल्या हाताला ते सांगितलं की झालं. चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, नेलं तर चामड्याची वेणी, पट्टे हाताळू द्या, गुऱ्हाळावर कोमट गूळ हातात द्या, हे बघण्यापेक्षा काही कमी नाही. बहिऱ्या माणसाशी बोलताना गाईडनं पाठ फिरवून चालत चालत बोलू नये, समोर थांबून बोलावं, नाहीतर मोबाईलवर टाईप करावं. आणि बरोबरच्या माणसाला "यांना काय पाहिजे" असं विचारू नका, त्यांनाच विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सगळे दिसणारे नसतात, त्यामुळं "बघून तर धडधाकट वाटतोय" म्हणून रांगेत अडवू नका. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पाहुण्यांना दिव्यांगाचं कार्ड जवळ ठेवायला सांगा.

आणि पाहुणा दारात आलाय, बाथरूमच्या दारातनं खुर्ची थोडक्यासाठी जात नाही, तर बिजागरीचे स्क्रू काढून दारच बाजूला ठेवा आणि पडदा लावा. दाराच्या जाडीएवढी जागा मिळते, इंच-दीड इंच, बऱ्याचदा तेवढ्यातच खुर्ची आत जाते. पडदा मात्र जाड आणि खालपर्यंत येणारा लावा.